हातातला खेळ सोडून नवा खेळ शिकलेला बॅक : राइन द वाल आणि १९२८चं डच सिल्व्हर

२६ मे १९२८ ही तारीख आपल्याकडे नेहमी एकाच बाजूने सांगितली जाते. ॲमस्टरडॅम, ऑलिम्पिकची फायनल, भारत ३ नेदरलँड्स ०, ध्यानचंद, पहिलं गोल्ड. शाळेत हॉकी खेळायचो तेव्हा आमचे सर ही गोष्ट पावसाळ्यात ग्राउंड ओलं असलं की वर्गात बसवून सांगायचे, आणि आम्ही दर वेळी तितक्याच आनंदाने ऐकायचो. पण समोर उभे असलेले ते अकरा डच कोण होते, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. हरलेली टीम म्हणजे फक्त स्कोअरमधलं शून्य, असंच धरून चाललो होतो.

बऱ्याच वर्षांनी त्या बाजूचं वाचायला लागलो आणि एका गोष्टीपाशी अडकलो, ती अजून सुटलेली नाही. ते अकरा जण त्या दिवशी जो खेळ खेळत होते तो त्यांचा खेळच नव्हता. म्हणजे नाव हॉकीच, पण ज्या हॉकीत त्यांची पिढी लहानाची मोठी झाली ती हॉकी वेगळी होती. स्टिक वेगळी, बॉल वेगळा, नियम वेगळे. ऑलिम्पिक आपल्या घरी होणार म्हटल्यावर त्यांनी आपला खेळ बाजूला ठेवला, सगळं जग खेळतं तो खेळ नव्याने शिकला आणि एवढ्या कमी वेळात थेट फायनल गाठली. हे प्रकरण मला नीट उलगडून लिहायचं होतं आणि त्यासाठी त्या अकरातला एक माणूस धरून ठेवलाय, राइन द वाल. त्यालाच का, ते पुढे कळेलच.

आधी ती डच हॉकी काय होती ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

नेदरलँड्समधले बरेचसे खेळ एका माणसाकडे जाऊन पोचतात, पिम म्युलीर. जन्म १८६५, फ्रीसलँडमधलं वितमार्सुम गाव. चौदा वर्षांचा असताना, १८७९ साली, त्याने हार्लेममध्ये मित्रांना जमवून क्लब काढला, तो तिथला पहिला फुटबॉल क्लब मानतात (सुरुवातीला ही पोरं रग्बीच्या जवळचं काहीतरी खेळायची, फुटबॉल नंतर आला). पुढे १८८९ला देशाची फुटबॉलची संघटना उभी केली त्यातही हाच पुढे. १८९०च्या डिसेंबरमध्ये फ्रीसलँडमधली अकरा शहरं गोठलेल्या कालव्यांवरून स्केटिंग करत एका दिवसात पालथी घातली, वेळ १२ तास ५५ मिनिटं. असा माणूस. एक खेळ दिसला की तो आपल्या गावात आणल्याशिवाय त्याला झोप लागत नसावी.

इंग्लंडमध्ये त्याने बँडी बघितली. बर्फावरची हॉकीच म्हणा, फक्त आइस हॉकीसारखी चकती नाही तर बॉल, आणि मैदान मोठं. १८९१च्या जानेवारीत इंग्लंडची बरी फेन ही बँडीची टीम हार्लेमला येऊन खेळून गेली. आणि हॉकीही त्याच सुमारास आली, बँडीच्या बोटाला धरून. क्लबची नावं बघितली तरी कळतं, ॲमस्टरडॅमचा १८९२चा क्लब ‘हॉकी अँड बँडी क्लब’ आहे, १८९८ साली देशाची संघटना झाली तिच्याही नावात हॉकी आणि बँडी दोन्ही. बर्फ पडून तळी घट्ट गोठली की बँडी, नाही गोठली की गवतावर हॉकी. माणसं तीच. डच हिवाळ्याचा भरवसा नाही, कधी आठवडाभर बर्फ तर कधी नुसताच चिखल, त्यामुळे ही जोडी त्यांना सोयीची होती.

आणि माणसं तीच म्हटल्यावर सवयीही त्याच राहिल्या. बँडीची स्टिक दोन्ही बाजूंनी चालते, उजवीकडून मारा नाहीतर डावीकडून, दोन्ही बाजू सपाट. डच लोकांनी गवतावरही तसंच ठेवलं. बॉल मोठा आणि मऊ. बाया आणि पुरुष एकाच मॅचमध्ये एकत्र खेळायचे. मला हा भाग फार आवडतो आणि त्याबद्दल जास्त कुणी लिहीत नाही याचं वाईटही वाटतं, कारण रविवारी सायकलवर स्टिका अडकवून निघालेल्या पोरापोरींचा तो खेळ होता, त्यात मऊ बॉल असल्याने हाडं मोडायची भीती कमी, दोन्ही बाजूंनी मारता येत असल्याने नवख्यालाही लगेच मजा यायची. खेळ म्हणून त्यात काही कमी नव्हतं. फक्त तो दुसऱ्या कुठल्याच देशाशी जुळत नव्हता.

ती अडचण लगेच बोचली नाही, कारण खेळायचं कुणाशी तर आपापसातच. १९०८ला लंडनला ऑलिम्पिकमध्ये हॉकी होती, डच नाहीत. १९२०ला तर ऑलिम्पिक अगदी शेजारी, अँटवर्पला, ॲमस्टरडॅमहून आगगाडीत बसलं की पोचाल इतकं जवळ, आणि हॉकीत चारच टीम आल्या, ब्रिटन, डेन्मार्क, बेल्जियम, फ्रान्स. डच तिथेही नाहीत. १९२४ला पॅरिसच्या ऑलिम्पिकमधून हॉकी काढूनच टाकली कारण खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना नव्हती. त्यावरून पॉल लेओते या फ्रेंच माणसाने धावपळ करून १९२४च्या जानेवारीत पॅरिसमध्ये सात देश जमवले आणि आजची एफआयएच, म्हणजे हॉकीची आंतरराष्ट्रीय संघटना, उभी राहिली. त्या सातातही नेदरलँड्स नाही.

आणि मग १९२८चं ऑलिम्पिक ॲमस्टरडॅमला, आणि हॉकी परत कार्यक्रमात.

आता तुम्ही त्या संघटनेत बसलेले आहात असं समजा. घरचं ऑलिम्पिक. तुमच्या क्लबांमध्ये तीसेक वर्षांची सवय. हजारो लोकांकडे दोन बाजूंच्या स्टिका. जग मात्र एका बाजूच्या स्टिकने आणि क्रिकेटच्या बॉलसारख्या कडक बॉलने खेळतंय. पर्याय दोनच, आपलाच खेळ खेळत राहा आणि घरच्या ऑलिम्पिकमध्ये प्रेक्षकांत बसा, नाहीतर सगळं टाका आणि शिका. त्यांनी टाकलं. १९२६ साली बेल्जियमशी पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच खेळले, आणि १९२८पर्यंत देशच नव्या नियमांवर आला.

हे वाचताना मला आपलं हुतूतू आठवतं. महाराष्ट्रात हुतूतू होतं, त्याचे गावोगावचे प्रकार होते, संजीवनी, गामिनी, अमर, आणि मग सगळ्यांनी एकत्र खेळायचं तर एक नियमावली पाहिजे म्हणून ते कबड्डीत गेलं. आमच्या आजोबांच्या तोंडून शेवटपर्यंत कबड्डी हा शब्द निघाला नाही, ते हुतूतूच म्हणायचे. माझी खात्री आहे की १९२८च्या डच क्लबांमध्येही अशी माणसं असणार ज्यांनी जुनी स्टिक कोपऱ्यात ठेवली पण मनातून काढली नाही.

आता राइन द वाल. पूर्ण नाव राइंडर्ट बेरेंड यान द वाल, जन्म २४ नोव्हेंबर १९०४, ॲमस्टरडॅम. म्हणजे घरच्याच शहरात ऑलिम्पिक आलं तेव्हा हा २३ वर्षांचा. खेळायची जागा बॅक. त्या काळी टीमची मांडणी ठरलेली, गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. गोलकीपरच्या पुढे दोनच माणसं, त्यातला हा एक. विसाव्या वर्षापर्यंत जे काही हॉकी म्हणून त्याच्या देशात खेळलं जात होतं ते दोन बाजूंच्या स्टिकचं.

बॅकसाठी हा बदल काय होता हे ज्याने स्टिक हातात धरली नाही त्याला सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. एका बाजूच्या स्टिकला फक्त डावी बाजू सपाट असते, उजवी गोल, आणि गोल बाजूने बॉल लावला की फाउल. डावा हात वर, उजवा खाली. बॉल तुमच्या उजवीकडे आला तर सोपं, स्टिक तिथेच असते. डावीकडे आला तर दोनच रस्ते, एक म्हणजे पाय भराभर हलवून अख्खं शरीर बॉलच्या डावीकडे न्यायचं म्हणजे बॉल परत आपल्या उजव्या हाताला येतो, नाहीतर मनगटात स्टिक उलटी फिरवून टोकाने बॉल अडवायचा, ज्याला आपण ग्राउंडवर सरळ ‘रिव्हर्स’ म्हणतो. त्या वेळच्या इंग्लिश धाटणीच्या स्टिकांचं टोक लांब, त्यामुळे फिरवायला अजूनच जड.

दोन बाजूंच्या स्टिकने वाढलेल्या बॅकला यातलं काहीच लागत नाही. फॉरवर्ड डावीकडून निघाला, स्टिक तिकडे टाकली, बॉल अडला, झालं. पाय जागेवर. म्हणजे बघा, वीस वर्षं शरीराने शिकलेलं असतं की डावीकडे धोका आला की हात टाकायचा, आणि आता हात टाकला की शिट्टी वाजणार आणि डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, आत असाल तर पेनल्टी. आमच्या शाळेत एक मुलगा क्रिकेटमधून हॉकीत आला होता, त्याला सहा महिने लागले स्टिकची मागची बाजू विसरायला, सर रोज ओरडायचे, पाय हलव पाय, हात नको. आणि तो बारा वर्षांचा होता, अंगात मुरलेलं काही नव्हतं. विशी ओलांडलेल्या माणसाने हे करायचं, तेही ऑलिम्पिकसाठी, तेही बॅकने, जिथे एक चूक म्हणजे गोल.

बॉलचंही तसंच. मऊ मोठा बॉल अंगावर आला तर लागतो आणि विसरतो. कडक बॉल नडगीवर बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि बॅकच्या नडगीवर तो रोज बसतो. शिवाय कडक बॉल गवतावर जास्त वेगाने येतो, उडतो वेगळा, त्यामुळे किती अंतर ठेवून उभं राहायचं हा सगळा अंदाज नव्याने बांधावा लागतो.

त्यात आणि तेव्हाचा ऑफसाइड. गोलच्या दिशेला समोरच्या टीमची किमान तीन माणसं असल्याशिवाय फॉरवर्डला पुढे उभं राहून पास घेता यायचा नाही. म्हणजे दोन बॅक आणि गोलकीपर यांची ओळ कुठे उभी राहते यावर अख्ख्या मॅचचा आकार ठरायचा. दोघा बॅकमधलं बोलणं, एकाने पुढे जायचं दुसऱ्याने मागे थांबायचं, हे सगळं अंगवळणी पडायला मॅचेस लागतात, आणि आंतरराष्ट्रीय मॅचेस त्यांनी खेळल्या होत्या जेमतेम दोन वर्षं.

तर अशी ही टीम. गोलकीपर आद्रियान कात्ते, मग द वाल, आब ट्रेसलिंग, यान ब्रांड, एमिल दुसॉन, यान आंकरमान, हास व्हिसर त होफ्त, रॉबर्ट व्हान डर व्हेन, पॉल व्हान द रोवार्ट, खेरिट यानिंक, आउगुस्ट कॉप. पदकाच्या यादीत अकराच नावं आहेत, बारावं नाही. म्हणजे चारही मॅच ह्याच अकरा जणांनी काढल्या. दुसॉनचा जन्म जावामधल्या समारांगचा, तेव्हा ते डच ईस्ट इंडीज, आजचा इंडोनेशिया. आंकरमान फ्रीसलँडमधल्या वोमेल्सचा, म्हणजे म्युलीरच्याच मुलखातला.

हॉकी मे महिन्यातच उरकली, १७ ते २६. ऑलिम्पिकचं उद्घाटन जुलैच्या शेवटी होतं, तेव्हा ती प्रसिद्ध ज्योत पहिल्यांदा स्टेडियमच्या मनोऱ्यावर पेटली, पण हॉकीवाल्यांच्या मॅचेस तोवर कधीच संपलेल्या. नऊ टीम, दोन गट. डचांच्या गटात फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन. फ्रान्सला ५-०. जर्मनीला २-१. स्पेनशी १-१. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा निकाल जर्मनीच्या मॅचचा आहे, फायनलचा नाही. जर्मन लोक १९०८च्या ऑलिम्पिकमध्येही हॉकी खेळले होते, हे नियम त्यांच्या हाडीमासी खिळलेले, आणि त्याच टीमने नंतर बेल्जियमला ३-० हरवून ब्राँझ घेतलं. अशा टीमला नव्याने शिकलेल्या खेळात हरवायचं, आणि गटातल्या तीन मॅचमध्ये मिळून फक्त दोन गोल खायचे! डिफेन्स शिकला होता हे यावरून दिसतं. गोल करणं एक वेळ अंगभूत चपळाईवर निभावतं, डिफेन्स निभावत नाही, तिथे शिकलेलंच कामाला येतं.

गटात पहिला तो फायनलला, सेमीफायनल नाही. आणि दुसऱ्या गटातून कोण आलं ते आपल्याला माहितीच आहे.

भारताची बाजू थोडक्यात सांगतो कारण ती सगळ्यांना पाठ आहे, पण मुंबईचा भाग सांगायलाच हवा. टीम १० मार्च १९२८ला ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने मुंबईहून निघाली. निघायच्या आधी मुंबईच्या टीमशी मॅच झाली आणि त्यात हे भावी ऑलिम्पिक चॅम्पियन ३-२ने हरले. मुंबईने हरवलं त्यांना! बोटीवर निरोप द्यायला फक्त तीन माणसं, दोन हॉकी फेडरेशनचे पदाधिकारी आणि एक पत्रकार. आणि मग ऑस्ट्रिया ६-०, बेल्जियम ९-०, डेन्मार्क ५-०, स्वित्झर्लंड ६-०. फायनलपर्यंत २६ गोल केले, एकही खाल्ला नाही. मात्र फायनलच्या आधी टीम खिळखिळी झालेली, कॅप्टन जयपाल सिंग सोडून गेलेले, काही जण आजारी, ध्यानचंद स्वतः तापाने फणफणलेले.

आपल्याकडे गोष्ट इथे तापात खेळलेल्या ध्यानचंदपाशी थांबते, आणि थांबावीच, तो पराक्रमच तसा आहे. पण मला आता कॅमेरा उलटा फिरवावासा वाटतो. समोरून ध्यानचंद येतोय. द वाल बॅक. ध्यानचंदची खासियत कुठली तर बॉल स्टिकला चिकटल्यासारखा, उजवीकडे दाखवून डावीकडे काढायचा आणि क्षणात परत. म्हणजे नेमका बॅकच्या रिव्हर्सवर घाव. जी बाजू या माणसाने जेमतेम दोन वर्षांपूर्वी गमावलेली, तिच्याच दिशेने जगातला सर्वात भारी ड्रिबलर येतोय, आपल्याच शहरात, आपल्याच लोकांसमोर. जुनी स्टिक हातात असती तर तिथे नुसता हात टाकून भागलं असतं.

३-०. दोन गोल ध्यानचंदचे, पूर्ण स्पर्धेत त्यांचे १४ झाले. आता आकडे असे मांडून बघा. बेल्जियमने भारताकडून नऊ खाल्ले, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने प्रत्येकी सहा, डेन्मार्कने पाच. बेल्जियम आणि डेन्मार्क १९२०चे पदकवाले, नियम त्यांचे जुने ओळखीचे. आणि सगळ्यात कमी गोल खाल्ले कुणी, तर ज्यांनी हा खेळ सगळ्यात उशिरा उचलला त्यांनी. भारतीय टीम त्या दिवशी पूर्ण ताकदीची नव्हती हे मान्य, घरचं मैदान होतं हेही मान्य. तरीसुद्धा तीन म्हणजे तीनच. शाळेत सर ३-० सांगायचे तेव्हा आम्हाला तो एकतर्फी स्कोअर वाटायचा. आज मला त्यात दोन बॅकची आणि कात्तेची मेहनत दिसते.

इंग्लंड त्या स्पर्धेत आलंच नव्हतं, तो वेगळा विषय आहे, इथे नको.

आता द वालच का हे सांगतो. १९२८च्या अकरापैकी बाकीचे दहा पुन्हा ऑलिम्पिकच्या पदकात दिसत नाहीत. हा दिसतो. आठ वर्षांनी.

मधलं १९३२चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला. जगभर मंदी, अटलांटिक ओलांडून वर अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला जायचं, युरोपातून हॉकीची एकही टीम गेली नाही. भारत, जपान, अमेरिका, बस तीनच. म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जेव्हा बॅक आपल्या ऐन बहरात असतो, नवे नियम आता अंगात मुरलेले, चुका कमी झालेल्या, तेव्हा द वालला ऑलिम्पिकच नाही. खेळाडूच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे किती हे जो खेळला त्यालाच कळतं, आणि इथे तर एका ऑलिम्पिकपासून दुसऱ्यापर्यंत आठ. बहुतेकांनी तोवर स्टिक खुंटीला लावलेली असते, नोकरी, संसार, कारण पैसे मिळायचेच नाहीत, सगळा हौशी कारभार.

१९३६, बर्लिन. द वाल ३१ वर्षांचा, टीम नवी कोरी. रेने स्पारेनबर्ग नावाचा पोरगा त्या टीममध्ये होता, जन्म १९१८, तोही समारांगचा. म्हणजे द वाल फायनलमध्ये ध्यानचंदसमोर उभा होता तेव्हा हा पोरगा शाळेत. आणि आता दोघं एका टीममध्ये. गटात बेल्जियमशी २-२, फ्रान्सला ३-१, स्वित्झर्लंडला ४-१. सेमीफायनलला जर्मनीने ३-० हरवलं. ब्राँझच्या मॅचला परत फ्रान्स, आणि ती मॅच ४-३. असली मॅच बॅकसाठी नुसती धडधड असते, आपण चार करतोय पण तीन आत जातायत, आणि जिंकलो तरी रात्री ते तीनच आठवतात. पण पदक आलं.

भारताशी त्या वेळी गाठ पडली नाही. भारताने फायनलला जर्मनीचे ८-१ असे बारा वाजवले. (त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं, आपले देशी खेळ तिथे करून दाखवायला. आपले नियम सोडून पदक घेणारा डच बॅक आणि आपला खेळ जगाला दाखवायला आलेली विदर्भातली पोरं, एकाच उन्हाळ्यात एकाच शहरात. मला ही जोडी कायम एकत्र आठवते.)

हे १९३६चं ब्राँझ माझ्या दृष्टीने १९२८च्या सिल्व्हरइतकंच महत्त्वाचं, कारण त्यामुळे पहिल्या पदकाचा अर्थ लागतो. १९२८ नुसतं घरच्या मैदानाच्या जोरावर आलं असतं, तर आठ वर्षांत ते विरून गेलं असतं. गेलं नाही. जी पोरं नव्या नियमांवरच वाढली ती १९३६पर्यंत तयार झाली होती आणि त्यांच्यात दोन्ही खेळ बघितलेला एक माणूस उभा होता. ड्रेसिंग रूममध्ये असा एक जण असणं काय असतं, ते आकड्यांत येत नाही. बोलणारा असो की गप्प, तो असतो, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून बूट बांधतात.

पुढचा भाग दुःखाचा आहे. १९४०च्या मे महिन्यात जर्मनीने नेदरलँड्स घेतलं, १९४०चं ऑलिम्पिक नाही, १९४४चंही नाही. द वालच्या शेजारी १९२८च्या फायनलला खेळलेला यान आंकरमान १९४२च्या डिसेंबरमध्ये ब्रह्मदेशात मेला, वय ३६. फ्रीसलँडच्या खेड्यात जन्मलेला माणूस, ॲमस्टरडॅमला ध्यानचंदशी खेळलेला, आणि शेवट रंगूनच्या मुलखात.

लढाई संपली आणि डच हॉकी जिथे थांबली होती तिथून उठली. १९४८ला लंडनमध्ये सेमीफायनल भारताकडून २-१ हरले, मग ब्राँझ. १९५२ला हेलसिंकीत परत फायनल, परत भारत, ६-१, बलबीर सिंग यांचे पाच गोल. २४ वर्षांत भारतासमोर तीनदा आले आणि तिन्हीदा हरले, तरी दर वेळी येतच राहिले, याचं मला मनापासून कौतुक आहे. आणि एक गोष्ट तर मी कुणालाही सांगताना थांबतो क्षणभर, १९२८च्या भारतीय टीममधला रेक्स नॉरिस १९५०च्या दशकात डच टीमचा कोच झाला. ज्यांनी हरवलं त्यांच्यातलाच माणूस शिकवायला बोलावला. नियम दुसऱ्यांचे घेतले होते, आता गुरूही तिकडचाच. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. खेळ शिकायचा तर ज्याला येतो त्याच्याकडून, इतकं सरळ.

१९७३, ॲमस्टल्व्हेन, ॲमस्टरडॅमला खेटून असलेलं गाव. वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध नेदरलँड्स. भारत २-० पुढे, डचांनी २-२ केलं, एक्स्ट्रा टाइममध्ये भारताला पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर, असा फटका) मिळाला तो हुकला, आणि शेवटी स्ट्रोकवर डच ४-२. पंचेचाळीस वर्षांनी. द वाल तेव्हा ६८ वर्षांचा होता. आमच्या सरांना ही मॅच अजिबात आवडायची नाही, विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघायचे. मी भारतीय आहे, मलाही तो स्ट्रोक सलतो. पण १९२८ची दुसरी बाजू वाचल्यापासून त्या स्टेडियममधल्या लोकांचा आनंद मला परका वाटत नाही.

त्या जुन्या खेळातलं एक मात्र गेलं ते गेलंच. नवे नियम आले तसं बाया-पुरुषांनी एका टीममधून खेळायचं संपलं, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आणि बायकांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये यायला १९८० उजाडलं. म्हणजे ज्या देशात पोरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोरांच्या बरोबरीने मैदानात होत्या, तिथल्या पोरींना पदकासाठी १९२८नंतरही अर्धशतकाहून जास्त थांबावं लागलं. या हिशेबात ते नुकसान मांडायचं राहून जातं म्हणून मुद्दाम लिहिलं.

राइन द वाल ३१ मे १९८५ला गेला, ८० वर्षांचा होऊन. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात डच बायकांनी हॉकीचं आपलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं होतं, लॉस एंजेलिसला, १९३२मध्ये त्याच्या टीमला जाता आलं नव्हतं त्याच शहरात.